नवी कार्यप्रणाली की जुनी?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे छोटेसे वर्कशॉप आहे. चाकणच्या वाहन कारखान्यांना माल देणाऱ्या एका पुरवठादाराकडून ते जॉबवर्क घेतात. २०२५ च्या दिवाळीनंतर हे बापलेक माझ्याकडे आले. मुलाचा अभ्यास, जीएसटीचे काम आणि मशीनला प्रोग्रॅम पाठवणे, या तिन्हींसाठी मिळून एक संगणक घ्यायचा होता. दुकानदाराने दोन दाखवले होते. एक कुठल्याशा कंपनीने मोडीत काढलेला, विंडोज १० असलेला. दुसरा कोरा करकरीत, विंडोज ११ चा, किमतीला जवळजवळ तिप्पट. "सर, तुम्ही सांगाल तो घेतो," वडील म्हणाले.

विद्यार्थी मित्रांनो, कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, ही संगणकातील मुकादम होय. कोणता प्रोग्रॅम केव्हा चालायचा, कोणाला किती स्मृती मिळायची, प्रिंटरला निरोप कोणत्या भाषेत द्यायचा, हे सारे ती ठरवते. हा प्रचंड मोठा प्रोग्रॅम माणसांनीच लिहिलेला असल्यामुळे त्यात चुका राहतातच. त्या जसजशा सापडतील तसतशा दुरुस्त्या पाठवण्याचे काम तिचे निर्माते करतात. पण कायमचे नव्हे. विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या. काहींना मुदतवाढ मिळाली, तीही तात्पुरतीच.

दुरुस्त्या थांबल्या म्हणून काल चालणारा संगणक आज बंद पडत नाही. मग बिघडते काय? नव्या प्रणालीचा बराचसा भाग जुनीवरूनच घेतलेला असतो. नवीतील एखादे भोक बुजवले, की तेच भोक जुनीत कोठे आहे याचा पत्ताच चोराला मिळतो! मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' ची साथ आठवा. तिच्यावरचा उपाय दोन महिने आधीच, मार्चमध्ये, प्रसिद्ध झाला होता. पण ज्यांनी तो बसवला नव्हता असे संगणक तिला बळी पडले. फ्रान्समधील रेनो कंपनीला काही कारखान्यांतील उत्पादन थांबवावे लागले होते.

तेव्हा नवा संगणक घ्यावा, असेच कोणीही म्हणेल. मीही म्हणणार होतो. पण आधी वर्कशॉपमध्ये जाऊन मशीन पाहिले, हे बरे झाले.

त्या जुन्या सी.एन.सी. मशीनला प्रोग्रॅम जातो तो आरएस-२३२ या तारेतून, एकामागून एक बिट अशा रांगेने. वेग सेकंदाला ९६०० बिट. एका अक्षराला आरंभ, शेवट व तपासणीचे बिट धरून १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. ९६,००० अक्षरांच्या प्रोग्रॅमला १०० सेकंद. मशीनची स्मृती इतकी तोकडी, की मोठा प्रोग्रॅम तिच्यात मावतच नाही. संगणक थोड्या थोड्या ओळी पुरवतो आणि मशीन कापत जाते. अशा वेळी दुरुस्ती बसवण्यासाठी संगणक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर काम अर्धवट थांबणार आणि मोलाचा तुकडा भंगारात जाण्याची भीती. शिवाय नव्या संगणकाला नऊ पिनांचे ते तोंडच नव्हते. यूएसबीचा जोड लावता येतो, पण वडिलांकडचा जुना जोड विंडोज ११ ओळखेना. प्रोग्रॅम पाठवणारे सॉफ्टवेअर १६ बिटी असते, तर तेही ६४ बिटी विंडोजवर चालले नसते. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटीच मिळते.

म्हणजे एकाच संगणकाकडून दोन परस्परविरुद्ध गोष्टींची अपेक्षा होती. महाजालाला जोडलेल्याला सतत नवे राहायला हवे. मशीनला जोडलेल्याने मुळीच बदलता कामा नये. मी वडिलांना म्हटले, "दोघांना वेगळे करा." मशीनपाशी विंडोज ७ चा एक जुना संगणक होताच. तो तेथेच ठेवायचा, मात्र त्याची जाळ्याची तार काढायची. पेनड्राइव्ह हाही एक पूलच आहे, म्हणून तो या कामापुरता वेगळा आणि दर वेळी तपासलेला हवा.

मग मुलासाठी तिप्पट किमतीचा घ्यायचा का? त्याचीही गरज नव्हती. विंडोज ११ ला ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. ही पिढी नावातच असते: 'आय-५' पुढचा चार आकडी क्रमांक ८ ने सुरू झाला, तर आठवी. दुकानदाराने दाखवलेल्या जुन्या संगणकाचा क्रमांक ६ ने सुरू होत होता! त्यावर आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारे भेटतात. पण पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच, अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. लिनक्स मात्र अशा यंत्रावर सुखाने चालते, आणि पेनड्राइव्हवरून सुरू करून आधी पाहताही येते. आपल्या सी-डॅकनेही लिनक्सवर आधारलेली 'बॉस' ही प्रणाली काढली आहे. अभ्यासाला लिनक्स पुरले असते, पण हिशेबाचे त्यांचे सॉफ्टवेअर विंडोजचेच होते.

अखेर आठव्या पिढीचा एक वापरलेला संगणक नव्याच्या निम्म्या किमतीत मिळाला. भोसरीच्या त्या जुन्या संगणकाच्या जाळ्याच्या खोबणीवर वडिलांनी काळी चिकटपट्टी लावली असून तिच्यावर खडूने फुली मारली आहे.