गाडी घरच्या घरी : पॅड नवे, दिवा मात्र लागलेलाच

ब्रेक ऑइल बदलण्याबद्दल आज लिहिणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण मध्येच शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरहून एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाला अख्खा भाग द्यावा असं वाटलं. त्यांच्याकडे सुरतेहून घेतलेली जुनी बीएमडब्ल्यू आहे. मागच्या दोन भागांप्रमाणे त्यांनी अंगणातच पुढचे पॅड बदलले. पेडल घट्ट लागतं, गाडी सरळ थांबते, पण डॅशबोर्डवरचा पॅडचा दिवा जात नाही. एका मिस्त्रीने उपाय सांगितला: सेन्सरची वायर कापा, दोन टोकं एकमेकांना पिळून टेप मारा, दिवा गेलाच समजा. करू का, असं त्यांनी विचारलंय.

करू नका. दिवा जाईल हे खरं, पण तो पुन्हा कधीच लागणार नाही.

पॅडच्या लोखंडी पाठीला एक खाच असते. तिच्यात प्लास्टिकचं बोटाच्या पेराएवढं डोकं बसतं आणि त्या डोक्यात तारेचा वळसा असतो. नव्या पॅडचं अस्तर दहा-बारा मिलिमीटर जाड असतं. ते झिजत तीन-चार मिलिमीटरवर आलं की फिरणारी डिस्क त्या डोक्याला टेकते. आधी प्लास्टिक घासलं जातं, मग तार. इथवर सेन्सर असलेल्या सगळ्या गाड्यांत सारखंच. पुढे मात्र दोन घराणी आहेत, आणि आपली गाडी कुठल्या घराण्यातली हे माहीत नसेल तर सेन्सर तपासताही येत नाही आणि बदलताही येत नाही.

पहिल्या घराण्यात वळशातून सतत बारीकसा प्रवाह वाहतो. डिस्कने तार घासून तोडली की प्रवाह थांबतो आणि दिवा लागतो. बीएमडब्ल्यू या घराण्यातली. दुसऱ्या घराण्यात तार एकच असते आणि तिच्यातून एरवी काहीच वाहत नाही. ती उघडी पडून डिस्कला टेकली की गाडीच्या अंगाशी, म्हणजे अर्थशी, जोडली जाते आणि मग दिवा लागतो. मर्सिडीजच्या पुष्कळ गाड्यांत ही पद्धत आहे.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांचं कोडं इथेच सुटतं. त्यांचा सेन्सर पहिल्या घराण्यातला, एकदाच वापरायचा. वळसा तुटला तो तुटलाच. नवे पॅड घातले म्हणून तार सांधली जात नाही. दिवा लागल्यानंतर पॅड बदलले असतील तर सेन्सरही नवा हवाच.

मला हे पहिलं घराणं मनापासून आवडतं, त्याचं कारण सांगतो. यात वायर कुठेही तुटली, कनेक्टर निसटला, उंदराने कुरतडली, तरी दिवा लागतो. उसाच्या शेताशेजारी गाडी उभी राहणाऱ्या गावात उंदराचा विचार करावाच लागतो. सेन्सर निकामी झाला तर तो तसं सांगतो. दुसऱ्या घराण्यात वायर मध्येच तुटली तर डॅशबोर्ड शांतच राहतो आणि पॅड लोखंडापर्यंत गेले तरी शांतच राहील. मिस्त्रीबुवांचा टेप पहिल्या घराण्यातल्या चांगल्या सेन्सरला दुसऱ्यापेक्षाही मुका करतो. त्यातून शहाद्याकडच्या माणसाला तोरणमाळचा रस्ता आहे, चांदसैलीचा घाट आहे. दीड टनाची गाडी सहाशे मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ८८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात पंचवीस लिटरच्या वर पाणी उकळीला येईल. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. उरलेली सगळी उष्णता डिस्क आणि पॅड सोसतात. अशा रस्त्यावर पॅडची खबर देणारी वायर पिळून ठेवणं मला पटत नाही.

बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये आणखी एक हुशारी असते. सेन्सरच्या डोक्यात तारेचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा थोडा आधी घासला जातो. त्याने सर्किट तुटत नाही, प्रवाहाला एका रेझिस्टरमधून जावं लागतं. गाडीच्या संगणकाला तो बदल कळतो आणि त्यावरून पॅड आणखी किती किलोमीटर चालतील याचा अंदाज तो नव्याने मांडतो. दुसरा टप्पा गेला की सर्किट उघडं पडतं. म्हणून जुना सेन्सर दिसायला धड वाटला तरी डोक्यावर घासल्याची खूण असेल तर तो पुन्हा बसवू नका. मल्टिमीटर असेल तर नवा सेन्सर बसवण्याआधी मोजून घ्या: दोन पिनांमध्ये जवळजवळ शून्य ओहम दिसले पाहिजेत.

आता बसवणं. बहुतेक बीएमडब्ल्यूंत पुढचा सेन्सर फक्त डाव्या चाकाला आणि मागचा फक्त उजव्याला असतो, म्हणजे पुढच्यासाठी एकच चाक उतरवायचं आहे. जॅक, घोडी, मागच्या चाकांना दगड, कॅलिपर होजवर लोंबकळू न देता तारेने टांगणं, हे सगळं मागच्या भागांत झालेलं आहे. मागचा सेन्सर बदलायचा असेल आणि हँडब्रेक बटणाचा असेल, तर तो आधी सर्व्हिस मोडमध्ये घालावा लागतो. तोवर कॅलिपरला हात लावू नका.

खरं काम वायरचं आहे. सेन्सरचं डोकं खाचेत दाबून बसवायला क्षणभर पुरतो. वायरची वाट मात्र निगुतीने लावावी लागते. जुनी वायर काढण्याआधी मोबाइलवर तिचे फोटो घ्या: कॅलिपरच्या कुठल्या छिद्रातून निघते, ब्रेक होजला कुठे अडकवली आहे, मडगार्डच्या आतल्या डबीत कशी शिरते. त्या डबीवर पावसाळ्यातली काळी माती सुकून दगड झालेली असते. ती ओल्या ब्रशने आधी साफ करा, मगच झाकण उघडा. नाहीतर कनेक्टरच्या पिनांवर माती पडते. हवेचा फवारा मारू नका, ब्रेकची धूळ छातीत जायला नको. त्याच डबीत बऱ्याचदा एबीएसच्या सेन्सरचाही कनेक्टर असतो. तो चाकाचा वेग मोजतो, त्याचा पॅडशी संबंध नाही, त्याला हात लावायचा नाही.

नवी वायर जुन्याच वाटेने न्या आणि प्रत्येक क्लिपमध्ये बसवा. क्लिप तुटली असेल तर केबल टाय चालेल, पण वायर करकचून आवळू नका. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. वायर कुठेही ताणली जाता कामा नये आणि रिमला घासताही कामा नये. गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाचं पाचट पडलेलं असतं. लोंबणारी वायर त्यात अडकली की सेन्सर गेला. स्वस्तातल्या काही पॅडना खाचच नसते. मग लोक सेन्सर कुठेतरी बांधून मोकळे होतात. असे पॅड परत करा.

पिस्टन मागे ढकलला असेल तर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. त्यानंतर डॅशबोर्डच्या मेनूतून किंवा स्कॅनरने पॅडची नोंद रिसेट करा. सर्किट उघडं असेल तर गाडी रिसेट स्वीकारत नाही, म्हणून क्रम आधी सेन्सर, मग रिसेट असाच.

मारुती, टाटा, महिंद्रावाल्यांनी हिरमुसू नये. या गाड्यांच्या पॅडवर बहुधा स्प्रिंग स्टीलची छोटी पत्ती असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. नवा पॅड घेताना पत्ती आहे ना ते बघा आणि जुन्यात ज्या बाजूला होती त्याच बाजूला ठेवा.

एक गोष्ट पत्रात विचारलेली नाही, पण ती मला फार महत्त्वाची वाटते. सेन्सर एका चाकाच्या एकाच पॅडवर नजर ठेवतो. कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजल्या की आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजत नाहीत. सेन्सर आतल्या पॅडला असेल आणि बाहेरचा आधी संपला, तर दिवा लागणार नाही. म्हणून चाक उतरवलंच आहे तर दोन्ही पॅडची जाडी पट्टीने मोजा, आणि लगोलग उजवं चाकही उतरवून मोजा. आतल्या-बाहेरच्यात दोन मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर पिना बाहेर काढा, पुसा, रबरी टोप्या फाटल्यात का ते पाहा, आणि पिना कोरड्या चालणाऱ्या बनावटीच्या नसतील तर त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावू नका, त्याने टोप्यांचं रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात.