कोळसा जमिनीत मुरतो तेव्हा

खरड छाटणी उरकली की करकंबच्या शिवारात द्राक्षबागांच्या बांधावर काड्यांचे ढीग लागतात. बहुतेक जण काडी लावून मोकळे होतात. एका बागेत मात्र वर रुंद, तळाशी निमुळता खड्डा घेतला होता. तळाच्या काड्यांनी पेट घेतला की वर दुसरा पातळ थर. त्यावर राखेची पांढरी झाक आली की लगेच तिसरा. वरचा जाळ प्राणवायू खाली पोचू देत नाही, म्हणून खालच्या काड्यांची राख न होता कोळसा होतो. घाई केली तर धूर, उशीर केला तर राख. खड्डा भरला की पाणी मारून विझवायचा. हा बायोचार.

त्याचा ताजा तुकडा बादलीत टाकला, तो तरंगत राहिला. काही हंगामांपूर्वी मातीत घातलेला तुकडा उकरून टाकला, तो तळाशी बसला. त्याच्या छिद्रांत काळी माती गच्च भरली होती आणि भेगेतून एक पांढरी तंतुमुळी आरपार गेली होती.

हवा, ओल आणि जिवाणू कोळशाचा पृष्ठभाग हळूहळू बदलतात. त्यावर ऋणभार वाढतो आणि अमोनियम, पोटॅश, कॅल्शियम धरून ठेवण्याची ताकद येते. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातली कोळसामिश्रित काळी माती शेकडो वर्षांनंतरही सुपीक आहे, त्यात या मुरण्याचा मोठा वाटा आहे. काही गुण मात्र ओसरतात. कोळशाबरोबर आलेल्या राखेतले क्षार पाण्याबरोबर निघून जातात. कोकणातल्या आम्ल जमिनीला तो तोटाच. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू मुळातच चढा, त्यामुळे इथे ते बरेच. जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड रोखण्याची क्षमताही बहुधा वर्षागणिक घटते, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापदायक. म्हणून पहिल्या वर्षीचा फायदा पुढच्या सगळ्या वर्षांना लावून हिशेब मांडणे मला चुकीचे वाटते. खात्रीने टिकतो तो कर्ब, तोही कोळसा चांगल्या तापमानाला भाजला असेल तर.

उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेला २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता. जळणाची सोय झाली, पण कर्ब पुन्हा हवेत गेला. जमिनीत गाडला तरच तो साठतो.

ताजा कोळसा पिकाच्या वाट्याचे नत्र धरून बसू शकतो. तेव्हा आधी तो शेणकाल्यात किंवा कंपोस्टमध्ये मुरवा, मगच सरीत घाला. शेजारी एक पट्टा कोळशाविना ठेवा, दोन्हींचे माती परीक्षण दरवर्षी करा आणि पहिल्याच पिकाच्या उताऱ्यावर निकाल देऊ नका.