उपचार चालू, व्यायामही चालू

अमरावतीकराला व्यायामाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. अशा गावात मी तीस वर्षे शाळेत पी. टी. शिकवली. पण मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, शस्त्रक्रिया झाली आणि केमोथेरपीसाठी अकोल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा मीच अंथरूण धरले.

भेटायला येणारा प्रत्येकजण सांगे, ‘‘सर, काहून जिवाला तरास देता जी? पडून राहा नं.’’ मलाही ते पटले. तिसऱ्या केमोनंतर एके दिवशी खुर्चीतून उठायला गेलो, तर हातांचा आधार घेतल्याशिवाय उठताच येईना. आयुष्यभर बैठका काढणारा मी! डॉक्टरांना विचारले, हे औषधाने झाले का? ते म्हणाले, ‘‘थोडे औषधाने, थोडे पडून राहिल्याने.’’

केमोचा थकवा कष्टाच्या थकव्यासारखा नसतो. तो झोपून जात नाही. उलट पडून राहिले की स्नायू झिजतात, दम कमी होतो, मग आंघोळीसारख्या साध्या कामानेही माणूस थकतो आणि आणखी पडून राहतो. हे चक्र थोड्याशा हालचालीने तुटते.

अमेरिकेतील क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये कर्करुग्णांसाठी प्रमाण सुचवले : आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा स्नायूंना बळ देणारा. त्याने थकवा, चिंता आणि उदासी कमी होते. २०२५ मध्ये त्याहून मोठी गोष्ट पुढे आली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमो झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना फक्त आरोग्याची माहिती दिली, तर निम्म्यांकडून तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करून घेतला. पाच वर्षांनी पहिल्या गटात शंभरातील सुमारे ७४ जण रोगाविना होते, व्यायामाच्या गटात सुमारे ८०. मात्र हा व्यायाम औषधाच्या बदल्यात नव्हता, औषधोपचारानंतर होता, हे विसरू नये.

मी पाच मिनिटांपासून सुरुवात केली. केमोनंतरचे दोन-तीन दिवस घरातच फेऱ्या. बरे वाटले की अंगणात. खुर्चीतून उठणे-बसणे, आधी पाच वेळा, मग दहा. हळूहळू छत्री तलावापर्यंत मजल गेली. चालताना बोलता यावे, इतकाच वेग. आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात दिवस उगवण्याआधीच फिरून यावे. माझ्या औषधाने पायांना मुंग्या येत, जमिनीचा अंदाज येत नसे. म्हणून घट्ट बूट आणि सपाट रस्ता.

काही दिवस मात्र व्यायाम करू नये. ताप असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, उलट्या-जुलाब होत असतील किंवा कुठून रक्त येत असेल, तर थांबावे आणि डॉक्टरांना कळवावे. रक्तातील प्लेटलेट फार उतरल्या असतील किंवा आजार हाडांत गेला असेल, तर विचारल्याशिवाय काही करू नये. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सर्जन हो म्हणेपर्यंत वजन उचलू नये. पांढऱ्या पेशी कमी असताना गर्दीची व्यायामशाळा टाळावी. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडू नये म्हणून हाताचे वेगळे व्यायाम असतात. ते फिजिओथेरपिस्टकडूनच शिकावेत.

माझ्या तपासण्या अजून चालू आहेत. पुढे काय, हे मला ठाऊक नाही. खुर्चीतून मात्र मी आता हात न टेकता उठतो. तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना विचारून घ्या आणि ‘पडून राहा’ म्हणण्याऐवजी ‘चला, फाटकापर्यंत जाऊन येऊ’ असे म्हणा. आणि त्याच्यासोबत तुम्हीही चाला.