रेणूतले लघु-गुरू

1973 च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या मिशिगन राज्यात रिक हॅल्बर्ट यांच्या गोठ्यातल्या गाई खाद्याला तोंड लावेनात. दूध आटलं, खूर वेडेवाकडे वाढू लागले. हॅल्बर्ट रसायन अभियांत्रिकी शिकलेले. त्यांचा संशय पशुखाद्यावर गेला आणि नमुने एकामागून एक प्रयोगशाळांकडे जाऊ लागले. नेहमीच्या कीटकनाशकांपैकी काहीच सापडेना. मग एका सरकारी प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत गॅस क्रोमॅटोग्राफ चालूच राहिला आणि एरवी कोणी थांबलं नसतं इतक्या उशिरा कागदावर अनोळखी शिखरं उमटली. मास स्पेक्ट्रोमीटरने त्यांत ब्रोमिन दाखवलं. एप्रिल 1974 मध्ये बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रातले जॉर्ज फ्राइज यांनी पदार्थ ओळखला: पॉलिब्रोमिनेटेड बायफिनाइल, म्हणजे पीबीबी.

पीबीबीचं काम टीव्ही नि टाइपरायटरच्या प्लॅस्टिकच्या कवचाला आग लागू न देण्याचं. मिशिगन केमिकल ही एकच कंपनी ‘न्यूट्रीमास्टर’ नावाचं पशुखाद्यातलं मॅग्नेशियम ऑक्साइड विकत होती आणि ‘फायरमास्टर’ नावाचं हे ज्वलनरोधकही. एकाच्या जागी दुसरं गेलं. सुमारे 30,000 गुरं आणि 15 लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. तोवर दूध-मांसातून ते रसायन लाखो माणसांच्या शरीरात पोचलं होतं.

नावाने दगा दिला. ओळख पटली ती वजनावरून. ते वजन करणारं यंत्र आज जगभरच्या पॉलिमर प्रयोगशाळांत, बहुधा ‘जीसी-एमएस’ या जोडनावाने, टेबलावर बसलेलं असतं.

त्याची तराजू नेहमीची नाही. आत निर्वात पोकळी असते. रेणूंवर 70 इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडतात. रेणू प्रभारित होतो, पुष्कळदा फुटतोही. मग ते तुकडे चार समांतर दांड्यांमधून धावतात. दांड्यांवरचा विद्युतदाब सतत बदलत असतो आणि दर क्षणी ठरावीक वजनाचाच तुकडा पार होतो, बाकीचे भरकटतात. शेवटी पडद्यावर उभ्या रेघांचा आलेख दिसतो: कोणत्या वजनाचे तुकडे किती.

ब्रोमिन इथे लपूच शकत नाही. त्याचा अणुभार जवळजवळ 80. पण 1920 मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी आपल्या नव्या यंत्रात तो घातला, तेव्हा 80 वर रेघच आली नाही. आली 79 वर आणि 81 वर, जवळजवळ सारख्या उंचीची. निसर्गातला ब्रोमिन दोन वजनांचा निम्मा-निम्मा मेळ आहे.

शाळेत वृत्तं शिकलेल्या मराठी माणसाला पुढचं गणित ओळखीचं वाटेल. 79 हा लघु, 81 हा गुरू. सहा अक्षरांच्या चरणात एकही गुरू नसलेली रचना एक, एक गुरू असलेल्या सहा, दोन असलेल्या पंधरा, तीन असलेल्या वीस. पुढे तेच आकडे उलटे. पिंगलाच्या छंदःसूत्रावर भाष्य करताना हलायुधाने मांडलेल्या मेरुप्रस्ताराची ही ओळ. फायरमास्टरच्या मुख्य रेणूत ब्रोमिनचे अणू सहाच. म्हणून त्याच्या आलेखात 622 ते 634 पर्यंत दोन-दोन अंतरावर सात रेघा उभ्या राहतात, साधारण 1, 6, 15, 20, 15, 6, 1 या प्रमाणात. रेघा मोजा, त्यांतून एक वजा करा: ब्रोमिन किती ते कळलं.

प्लॅस्टिक मात्र वायू होऊन यंत्रात शिरत नाही. म्हणून आधी त्याला भट्टी दाखवावी लागते. ब्लेडने कवचाचा एक कीस काढायचा, अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी, आणि बोटाच्या पेरावर मावेल अशा स्टीलच्या कपात ठेवायचा. पहिल्या फेरीत तापमान तीनशे-साडेतीनशे अंशांपर्यंत चढवलं की नुसते मिसळलेले पदार्थ, म्हणजे ज्वलनरोधक, बाहेर पडतात. दुसऱ्या फेरीत तोच कप 600 अंशांच्या भट्टीत टाकला की पॉलिमरची साखळीच तुटते. पॉलिस्टायरीन असेल तर 104 वजनाचं स्टायरीन येतं, शिवाय दोन-दोन, तीन-तीन कड्यांचे तुकडे. एकाच किसातून कवच कशाचं आणि त्यात काय घातलंय, दोन्ही उत्तरं मिळतात.

हा खटाटोप का? एक्सआरएफ (क्ष-किरण प्रतिदीप्ती) गन रोखली की ब्रोमिन आहे की नाही ते काही सेकंदांत कळतं. पण कायदा ब्रोमिनवर नाही, रेणूवर आहे. युरोपात 1 जुलै 2006 पासून विद्युत उपकरणांत पीबीबी आणि पीबीडीई (पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर) हे दोन गट प्रत्येकी 0.1 टक्क्यापलीकडे चालत नाहीत. भारताच्या 2011 च्या ई-कचरा नियमांनीही हीच मर्यादा घातली. सर्किट बोर्डातलं टेट्राब्रोमोबिस्फेनॉल-ए मात्र या गटांत नाही. एक्सआरएफला दोन्ही सारखेच. मास स्पेक्ट्रोमीटरला टेट्राब्रोमोबिस्फेनॉल-ए 544 भोवतीच्या पाच रेघांत दिसतं, बंदीतले रेणू वेगळ्याच ठिकाणी.

यंत्राच्या मर्यादाही आहेत. अँटिमनी ऑक्साइड किंवा अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड या वाटेने येतच नाहीत. दहा ब्रोमिनचा ‘डेका’, म्हणजे डेकाब्रोमोडायफिनाइल ईथर, इतका जड नि उष्णतेला नाजूक, की गॅस क्रोमॅटोग्राफच्या लांब नळीत रेंगाळला तर वाटेतच मोडतो. म्हणून त्याच्यासाठी आखूड नळी लावतात. आयनित झाल्यावर तो दोन ब्रोमिन गाळून बसतो आणि सुमारे 800 भोवती मेरूची आठ अक्षरांची ओळ उमटते: नऊ रेघा, मधली सगळ्यांत उंच.

2017 मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत डेका आला. पण जुन्या टीव्हीची कवचं भंगारात जातात, दळली जातात, त्यांचं काळं प्लॅस्टिक पुन्हा साच्यात ओततात. त्या दाण्यांच्या गोणीवर आत डेका असल्याचं कोण लिहिणार? परदेशातल्या अभ्यासकांनी काळ्या प्लॅस्टिकचे कलथे तपासले, तेव्हा काहींत तो निघाला. कलथ्याला ज्वलनरोधकाचं काय काम? गाईच्या खाद्यात त्याचं जितकं होतं, तितकंच. गोण पुन्हा एकदा चुकीच्या दारी गेली आहे, आणि कपातल्या किसातून त्याच नऊ रेघा उभ्या राहत आहेत.