शिकाऊ हात आणि चौकशीचा धर्म

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीच उड्डाणास निघालेल्या विद्यार्थिनीचे छोटे सेस्ना विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. किरकोळ जखमांवर निभावले. जमीन जवळ आली की चूक सावरण्यास ना उंची उरते, ना वेळ. म्हणून ‘शिकाऊच ते, चुकणारच’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच परिसरात एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने १९ व २२ तारखेला कोसळली, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षणच थांबविले. दोष देखभालीत, शिकविण्यात वा देखरेखीतही असू शकतो, हेच यातून सूचित झाले. अपघाताच्या चौकशीचा हेतू पुनरावृत्ती टाळणे हा असावा, दोषारोप नव्हे, असा आंतरराष्ट्रीय दंडकही आहे.

२०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. इन्सुलीसारख्या गावातील एखाद्या मुलीला उद्या वैमानिक व्हावेसे वाटले, तर तिच्या पालकांनी शुल्काआधी संस्थेच्या अपघातांचे चौकशी-अहवाल मागावेत. तो त्यांचा हक्कच मानला पाहिजे.