सासष्टीतली सुरांची शाळा

संपादकांना हवा होता सेबॅस्टियन डिसोझांवर लेख. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत मुखडा संपला की व्हायोलिनांची जी लाट उठते, ती ज्यांनी कागदावर उतरवली ते डिसोझा. ते मूळचे गोव्यातल्या रेइश मागूशचे. त्यांच्याबद्दल वाचता वाचता बाकीची मंडळी भेटत गेली. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मागे उभा असलेला ट्रंपेटवाला चिक चॉकलेट हळदोण्याचा, फ्रँक फर्नांड कुडचड्याचे, आणि प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. गावं वेगवेगळी, पण बहुतेकांच्या चरित्राचं पहिलं पान सारखंच निघतं: गावची इगर्ज म्हणजे चर्च, तिला लागून असलेली शाळा आणि संगीत शिकवणारा मेस्त्र. डिसोझांवरचा लेख मी बाजूला ठेवला आणि दादरला कोकणकन्या पकडली.

गोव्याच्या सासष्टी तालुक्यात, मडगावच्या पश्चिमेला, माजोर्ड्याच्याच टापूतल्या एका गावात अशी शाळा अजून भरते असं कळलं होतं. शाळा म्हणजे इगर्जेच्या मागच्या बाजूची कौलारू, लांबट खोली. तिथे बाकं आहेत, पाच रेघा आखलेला फळा आहे आणि कपाटावर पेट्यांमध्ये बंद असलेले रेबेक आहेत. गोव्यातली जुनी माणसं व्हायोलिनला रेबेकच म्हणतात. संध्याकाळी ट्यूशन आटोपून दहाएक मुलं आली. मला वाटलं, आता पेट्या उघडतील. पेट्यांना कुणी हात लावला नाही.

मुलं ओळीत उभी राहिली. प्रत्येकाने उजवा हात छातीसमोर धरला आणि फळ्यावरच्या टिंबांकडे बघत म्हणायला सुरुवात केली: दो, मी, सोल, मी. तोंडाने सूर चाललेला आणि हात मात्रा मोजतोय. पहिलीला खाली, दुसरीला डावीकडे, तिसरीला उजवीकडे, चौथीला वर. याला सोल्फेज म्हणतात. हे वरवर सोपं वाटतं, म्हणून मीही मागच्या बाकावर हात हलवून पाहिला. सूर सांभाळला की हात अडखळतो, हात सांभाळला की पुढचं टिंब निसटतं.

एका मुलाचा सूर अगदी बरोबर होता, पण हात किंचित मागे राहत होता. शिकवणाऱ्या सरांनी थांबवलं. "हात, हात! आनी एक फावट." त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा हात मागे. पुन्हा थांबवलं. त्या मुलाच्या चेहऱ्यावर मी काही चुकीचं गायलोच नाही असे भाव होते आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण इथे सूर बरोबर असून हात चुकला, तर ती चूकच.

यातला मला सर्वांत भावलेला भाग विरामाचा. फळ्यावर विरामाची खूण आली की तोंडं एकदम बंद होतात, हात मात्र चालूच राहतात. खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. दहा मुलं शिस्तीत गप्प उभी आहेत आणि दहा हात हवेत मोजणी करताहेत. मग पाचव्या मात्रेला सगळी एकदम सुरात येतात. त्यात एक जरी अर्धी मात्रा आधी शिरला तरी सगळं पहिल्यापासून. पन्नासच्या दशकातल्या मुंबईच्या स्टुडिओत गायक, वादक, सगळे एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत. तीस-चाळीस व्हायोलिनवाल्यांपैकी एकाने गप्प बसायच्या जागी गज टेकला, की अख्खा टेक वाया जाई. त्यांच्यातल्या गोवेकरांचा गज का टेकत नसे, ते त्या खोलीत उभं राहिल्यावर उमगतं.

लहानपणी मी गांधर्व महाविद्यालयाच्या दोन परीक्षा दिल्या आहेत, पेटी घेऊन. आपल्याकडे ज्याच्या गळ्याला जिथे सोसेल तिथे 'सा' मांडायचा आणि बाकीचे सूर त्याच्या आधाराने शोधायचे. पोर्तुगीजांकडून आलेल्या या पद्धतीत 'दो' जागचा हलत नाही. तो पांढऱ्या पट्टीतल्या एकाच सुराला बांधलेला आहे, गाणारा कुणीही असो. रागसंगीत शिकणाऱ्याला हे अगदी रुक्ष वाटेल, मलाही वाटलं. पण त्यामुळे एक गोष्ट साधते. जन्मात एकमेकांना न भेटलेली चाळीस माणसं सकाळी एका खोलीत येतात, समोर ठेवलेला कागद पहिल्यांदाच बघतात आणि दुपारपर्यंत तो वाजवून घरी जातात. भातखंडे-पलुसकरांनी आपल्या संगीतासाठी लेखन तयार केलं ते चीज जपण्यासाठी, शिकवण्यासाठी. चाळीस जणांनी एकाच क्षणी चार वेगवेगळ्या ओळी वाजवाव्यात ही त्या संगीताची गरजच नव्हती. चित्रपटाला ती गरज पडली. संगीतकाराच्या डोक्यात चाल होती, ती गाऊन दाखवायला पेटी होती. ती चाल लिहून घ्यायला, तिला खालच्या-वरच्या सुरांची जोड द्यायला आणि प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद करायला माणूस लागे. तो बहुधा गोव्याचा असे.

शाळांचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो इगर्जेच्या प्रत्येक स्मरणिकेत असतो. सासष्टी आणि बारदेश 1543 मध्ये पोर्तुगीजांकडे गेले आणि त्या शतकाच्या मध्यापासून इगर्जांना जोडून शाळा उभ्या राहू लागल्या. धर्मशिक्षण, अक्षरओळख आणि गायन हा त्यांचा अभ्यासक्रम. हेतू धर्मप्रसाराचा होता, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. याच सासष्टीतल्या राशोलला 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, मराठी ओव्यांमध्ये आणि रोमी लिपीत. सूर युरोपचे आणि ओवी इथली, असा दुहेरी कारभार तेव्हापासूनचा.

त्या कारभाराचा खरा कणा म्हणजे मेस्त्र. पहाटे मिसेला, म्हणजे इगर्जेतल्या उपासनेला, ऑर्गनवर तो. संध्याकाळी मुलांचं सोल्फेज तो घेणार. मे महिन्यात वाड्यावाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) लदाईन म्हणजे सामूहिक प्रार्थना असते, तिथे रेबेक घेऊन तो. फेस्ताच्या, म्हणजे इगर्जेच्या उत्सवाच्या, आधीचे नऊ दिवस नोव्हेना, लग्नाला बँड, मयताला बँड आणि उपासाच्या काळात मोटेट ही लॅटिन भक्तिगीतं. या मोटेटांची गंमत अशी, की त्यातल्या कित्येक गोव्यातल्याच मेस्त्रांनी रचलेल्या आहेत, दोन-तीन-चार आवाजांसाठी, व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या साथीने. म्हणजे या माणसाला नुसतं शिकवता येऊन भागत नसे. गावात किती बारीक आवाज आहेत, किती जाड आहेत, कुणाचा गळा यंदा फुटलाय, हे बघून त्याला संगीत लिहावं लागे. पुढे मुंबईत 'अरेंजर' म्हणून जे काम नावारूपाला आलं, ते गावातला मेस्त्र पिढ्यान्‌पिढ्या बेताच्या पगारात करत होता.

हा पगार येई गावकीतून. गोव्यात तिला कोमुनिदाद म्हणतात. सामाईक शेतजमिनीच्या उत्पन्नातून इगर्जेचा आणि शाळेचा खर्च निघे, कोंफ्रारी म्हणजे इगर्जेची मंडळंही भार उचलत. या कोंफ्रारींत जातीची भिंत होती आणि ती चांगली जाड होती. वरच्या जातीच्या घरांत पियानो असे, मुली तो दिवाणखान्यात वाजवत. ज्यांच्या घरी पियानो नव्हता त्यांच्या पोरांना इगर्जेच्या शाळेत सोल्फेज मिळालं, आणि पोटासाठी वाद्य हातात धरलं ते मुख्यतः यांनीच. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात नोकऱ्या जेमतेम. म्हणून कुणी संस्थानिकांच्या बँडमध्ये गेला, कुणी पलटणीत, कुणी बोटीवर, कुणी मूकपटाच्या पडद्याखाली वाजवायला. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावोगावचे कूड होते, त्यात खाट मिळे. बाहेर पडले ते जवळजवळ सगळे मुलगेच. सोल्फेज शिकलेल्या मुलीला स्टुडिओचं दार सहसा उघडलं नाही.

अँथनी गोन्साल्विसांचे वडील माजोर्ड्याच्या इगर्जेत मेस्त्र होते. मुलगा त्यांच्याच हाताखाली तयार झाला आणि 1943 मध्ये, सोळाव्या वर्षी, मुंबईत नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागला. पुढे तो अरेंजर झाला. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्यांत ट्रंपेटवादक रामप्रसाद शर्मांचा मुलगा होता, प्यारेलाल. पण गोन्साल्विसांना स्टुडिओ पुरेना. युरोपचा वाद्यमेळ आणि आपले राग एकत्र बांधायचा त्यांना ध्यास होता. त्यांनी तोडी थाटात व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिला, सारंगात लिहिला. 1958 मध्ये स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा जमवून सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. 1965 मध्ये ते अमेरिकेला सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतले, पण चित्रपटांत पुन्हा रमले नाहीत. अखेर माजोर्ड्यात स्थायिक झाले आणि 2012 मध्ये वारले. मधल्या काळात, 1977 मध्ये, लक्ष्मीकांत-प्यारेलालच्या एका गाण्यातून त्यांचं नाव देशभर पोचलं. हे नाव प्यारेलालनी आपल्या गुरूसाठी घातलं, हे ते गाणं नाचत ऐकणाऱ्या बहुतेकांना माहीत नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर कागदावर सूर लिहिले त्याचं नाव लोकांना अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभमुळे कळावं, याला काय म्हणायचं? तरी त्यांचं नशीब बरं. बाकीच्या अरेंजरांची नावं श्रेयनामावलीत आली तर 'सहायक' म्हणून, नाहीतर आलीच नाहीत.

सरांना मी हे सगळं मोठ्या कौतुकाने सांगत होते. ते म्हणाले, "बाय, त्यांना कुणी फिल्मसाठी शिकवलं नव्हतं. रविवारच्या मिसेला चार आवाज हवे होते, म्हणून शिकवलं."

या वाक्यापाशी मी बराच वेळ अडले, कारण शाळा का ओस पडत गेली याचं उत्तर त्यातच आहे. चार आवाजांची गरज संपत गेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 च्या पुढे, लॅटिन मिस कोंकणीत आली. लोकांना आपल्या भाषेत प्रार्थना मिळाली हे उत्तमच झालं. पण आता सगळ्यांनी मिळून गायचं म्हणजे चाल सोपी हवी आणि गिटारवर बसणारी हवी. तोवर गोवा मुक्त होऊन काही वर्षं लोटली होती. सरकारी आणि खाजगी शाळा गावोगाव निघाल्या, अक्षरओळखीसाठी इगर्जेत जायचं कारण उरलं नाही. 1964 च्या कूळ कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्याला संरक्षण दिलं, कोमुनिदादीचं उत्पन्न आटलं. कायदा न्याय्य होता. त्याच उत्पन्नावर मेस्त्राचा पगार उभा आहे, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मुंबईकडचा रस्ताही बंद होत गेला. सिंथेसायझर आले, एकेक वाद्य सुटं मुद्रित होऊ लागलं आणि चाळीस व्हायोलिनांचं काम एका माणसाच्या दहा बोटांवर आलं.

आता गोव्यात संगीत शिकणारी मुलं कमी आहेत असं मात्र नाही. आंतोनियो फिगेरेदोंनी 1952 मध्ये पणजीत संगीताची अकादमी काढली, पाश्चात्त्य संगीताचा तो वर्ग पुढे कला अकादमीत गेला आणि आजही चालतो. 2009 पासून चाइल्ड्स प्ले ही संस्था गरीब घरच्या मुलांच्या हाती व्हायोलिन देते आहे. शहरांत खाजगी क्लास आहेत, लंडनच्या ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा आहेत. सरांचा राग याच परीक्षांवर आहे. मुलं वर्षभर ठरलेले तुकडे घोटतात, प्रमाणपत्र आणतात, पालक ते फ्रेम करतात. परीक्षेत समोरचा कागद वाचायला लावतात हे खरं, पण रोज संध्याकाळी नवा कागद वाचणं आणि वर्षातून एकदा वाचणं यात फरक पडतोच. मला सरांचं म्हणणं अर्धंच पटलं. ज्या मुलीला स्टुडिओने दार उघडलं नसतं ती आज ग्रेडच्या जोरावर परदेशी शिकायला जाते, हा फायदा लहान नाही. पण लदाईन नाही, मोटेट नाही, मयताचा बँड नाही, तर शिकलेलं वाजवायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न मला खोडता आला नाही. क्लास कितीही उत्तम असला तरी तो गावाला दर आठवड्याला चार आवाज लागतील अशी सोय करू शकत नाही.

त्यात मुलंच टिकत नाहीत. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं. त्या पासपोर्टवर कुटुंबंच्या कुटुंबं इंग्लंडला गेली, स्विंडनला तर गोवेकरांची वसाहतच झाली. सरांचे सगळ्यात तयार झालेले दोन विद्यार्थी गेल्या वर्षी असेच गेले. जाताना रेबेक परत करून गेले, कारण ते इगर्जेचे होते.

सध्या त्यांच्यापुढे पेच आहे तो फेस्ताचा. पूर्वसंध्येच्या प्रार्थनेला जुनं लॅटिन गायन करायचं ठरलंय, त्याला सहा व्हायोलिन लागतात आणि चारच आहेत. मडगावहून दोन वादक बोलवायचे तर तालमी धरून त्यांचे पैसे द्यावे लागतात. इगर्जेच्या समितीतल्या एकाने विचारलं, कीबोर्डावर व्हायोलिनचा आवाज असतो ना, मग बाहेरून माणसं कशाला? सर त्या सभेत फार बोलले नाहीत. त्यांनी घरी येऊन दुसऱ्या व्हायोलिनची ओळ पुन्हा लिहून काढली. वेगवान जागा पहिल्या व्हायोलिनांकडे दिल्या, दुसऱ्यांना लांब, सावकाश सूर आणि भरपूर विराम ठेवले. त्या जागी सातवी-आठवीतली दोन मुलं बसणार आहेत. त्यातला एक तोच, ज्याचा हात मागे राहतो. त्यांची गणिताची ट्यूशन साडेसातला सुटते, म्हणून तालीम आठला ठेवली आहे.