चिंचवडगावातला नदीकाठचा फ्लॅट

(एस. वाय. बी. ए.)

चिंचवड म्हटले की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर रेल्वे स्टेशन, कारखाने आणि कामगारांना नेणाऱ्या बसगाड्या उभ्या राहतात. पण हे चिंचवड तसे अलीकडचे. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ सालची, औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालचे. भोसरीपासून चाकणपर्यंतचा पसारा त्यानंतरचा. त्याच्या कितीतरी आधीपासून एक चिंचवड पवनेच्या काठी नांदते आहे. मोरया गोसावींचे समाधिमंदिर, मंगलमूर्ती वाडा, चापेकर बंधूंचा वाडा, नदीचा घाट हे सारे तिथे. या गावठाणातले बरेच वाडे गेल्या चाळीसेक वर्षांत पडले आणि त्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती आल्या. त्यांतल्या लहान फ्लॅटवर आता ‘विकणे आहे’ अशा पाट्या दिसतात.

अशा एका फ्लॅटची चौकशी सध्या आमच्या घरी चालली आहे. वडील चाकणला कारखान्यात ऑपरेटर आहेत आणि आम्ही आजवर भाड्याच्याच खोलीत राहत आलो. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे एजंटने दिलेली कागदांची फाइल वडिलांनी सरळ माझ्यापुढे ठेवली, “तू वाच आणि मला सांग.” मराठी वाङ्मय आणि भूगोल शिकणाऱ्या मुलीला खरेदीखताची भाषा काय कळणार? पण वाचले, दोन वकिलांना विचारले, आणि जे उमगले ते मांडते आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ही फाइल आज ना उद्या येणारच आहे.

पहिला घोळ क्षेत्रफळाचा. पाटीवर ५५० चौरस फूट लिहिलेले होते. वडिलांनी टेप लावला तर आतली जागा ४१० भरली. यात कोणी लबाडी केली असे नाही. ५५० मध्ये भिंतींची जाडी, जिना, बाहेरचा व्हरांडा यांचा वाटा धरलेला होता. नव्या प्रकल्पांना १ मे २०१७ पासून रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि तिथे चटई क्षेत्रावरच व्यवहार करावा लागतो. चटई क्षेत्र म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. आतल्या आडभिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. जुन्या इमारतीतल्या फेरविक्रीत मात्र ज्याची त्याची मोजणी. म्हणून दर ५५० वर सांगितला असला तरी मनातल्या मनात ४१० ने भागून पाहावे.

पण खरा प्रश्न फुटांचा नव्हे, जमिनीचा आहे. आपण घर घेतो तेव्हा भिंती आणि छप्पर घेतो असे वाटते. भिंती वर्षागणिक जुन्या होतात. इमारत पाडायची वेळ आली की हातात उरतो तो खालच्या जमिनीतला वाटा, आणि तो आहे की नाही हे फ्लॅटमध्ये उभे राहून दिसत नाही.

गावठाणातल्या जमिनीला सहसा सात-बारा नसतो. नगर भूमापन झालेले असेल तिथे मिळकत पत्रिका असते. जुन्या वाड्याच्या पत्रिकेवर भाऊबंदांची आठ-दहा नावे सहज सापडतात. बिल्डरने त्यांच्याशी करार केला, इमारत बांधली, काही फ्लॅट मालकांना दिले, उरलेले विकले आणि तो निघून गेला. जमीन राहिली भाऊबंदांच्याच नावावर. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याप्रमाणे ती सोसायटीच्या नावे करून देणे बिल्डरचे कर्तव्य होते. ते इतक्या ठिकाणी राहून गेले की २००८ साली कायद्यात दुरुस्ती करून ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणावे लागले. शब्द जिभेला जड आहे, अर्थ सोपा आहे: बिल्डर किंवा मालक सही देत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन आपल्या नावे करून घेऊ शकते. आम्ही पाहिलेल्या इमारतीने हा अर्ज अजून केलेला नाही.

आता नदी. गॅलरीतून पवना दिसते, याचे एजंटने फार कौतुक केले. तीच पवना, धरण भरल्यावर वरून पाणी सोडले आणि पाऊसही लागून राहिला, की गावात येते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२४ मध्ये समाधिमंदिराच्या आवारात पाणी शिरले होते. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. यावरून लोकांची समजूत होते की एकदा पूर येऊन गेला की पंचवीस वर्षे निश्चिंती. तसे नाही. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याचा संभव दर वर्षी शेकडा ४ असतो, मागच्या वर्षी आले असो वा नसो. वीस वर्षांच्या कर्जाचा हिशेब केला तर ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याचा संभव ५६ टक्के होतो. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढणार नाही हे खरे. पण विजेचे मीटर, पाण्याची टाकी आणि वडिलांची मोटारसायकल तळमजल्यालाच असते.

त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. बाग, क्रीडांगण असा मोकळा वापर चालतो. दोन रेषांमधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. आधीची इमारत अधिकृत असेल तर निळ्या रेषेच्या आतही पुनर्बांधणीला वाव ठेवलेला आहे, पण जोते लाल रेषेच्या पातळीहून उंच घ्यावे लागते. इथे ‘अधिकृत’ या शब्दावर सारे अडते. मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र फाइलमध्ये नसेल, तर नदीचा देखावा कितीही सुंदर असो, त्या जमिनीतला वाटा नुसता कागदावरचा. आणि हे केवळ पुस्तकी भय नव्हे. इंद्रायणीकाठी चिखली येथे निळ्या रेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये महापालिकेने हरित न्यायाधिकरणाच्या आदेशावरून पाडले.

खर्चाचे थोडक्यात सांगते. आपल्याकडे मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, आणि ते करारातली किंमत व सरकारी दर यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागते. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर नाही. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. समजा किंमत ३० लाख, तर ३०,००० रुपये वाचतात. आमच्याकडे हे कळल्याबरोबर घर आईच्या नावे घ्यायचे ठरून गेले. आईचे नाव आजवर फक्त रेशनकार्डावर पहिले होते! आणखी एक: साठेखत म्हणजे खरेदीखत नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे साठेखत हे विकण्याचे वचन आहे. नुसत्या त्याने मालकी येत नाही.

आमच्या फाइलमध्ये सूची क्रमांक दोन, सोसायटीचा भागदाखला आणि करपावत्या आहेत. भोगवटा पत्र नाही, आणि पूररेषेचा नकाशाही नाही. मिळकत पत्रिकेच्या नकलेसाठी अर्ज केला आहे. हे कागद हाती येईपर्यंत इसार द्यायचा नाही असे वडिलांनी विकणाऱ्या काकांना सांगितले, आणि काकांनी दिवाळीपर्यंत थांबायचे कबूल केले आहे.